सेकंडची चिठ्ठी कशासाठी?

"दोष दिसतसुद्धा नाही, मग चादरीला सेकंडची चिठ्ठी कशाला लावता?" दुकानदार विचारतात, पाहुणे विचारतात, आता सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या मागांवर कामाला आलेली पोरंही विचारायला लागली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. सेकंड म्हणजे दोष असलेला, दुय्यम प्रतीचा माल.

सोलापुरी चादर दुहेरी विणीची. पुढची नक्षी मागे उलट्या रंगात उठते. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटून तसाच पुढे गेला, तर रेघ कुठे पुढून दिसते, कुठे मागून. म्हणून चादर उजेडासमोर दांडीवर टाकून दोन्ही अंगांनी बघायची. तुटका धागा, तेलाचा डाग, ओढलेला काठ, हे डोळ्याला सापडतं.

कच्चा रंग सापडत नाही. मरून-पांढऱ्या चादरींचा एक लॉट होता. सूत नेप्थॉल नावाच्या रंगाने रंगवलेलं. रंगवल्यावर ते उकळत्या साबणाच्या पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर सुटा रंग धाग्याच्या अंगावर नुसता बसून राहतो. माग रिकामे उभे होते, म्हणून साबणाची एकच पाळी झाली, तीही कोमट पाण्यात. वाळलेलं सूत दिसायला झकास. बीम, म्हणजे ताणा गुंडाळायचे रूळ, भरले, चाळीस चादरी उतरल्या, घड्या पडल्या. मग एका कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दहा वेळा घासला. फडका गुलाबी झाला. "पहिल्या धुण्याला थोडा रंग जातोच," असं म्हणून मी माल जाऊ दिला. तो परत आला तेव्हा गठ्ठ्यात एका चादरीबरोबर शाळेचा पांढरा शर्ट बांधलेला होता. आता गुलाबी. सोबत चिठ्ठी नव्हती, शिवी नव्हती.

"थोडा जातोच" हे तेव्हा मला खोटं वाटलं नव्हतं. ते खोटंच होतं, कारण फडका माझ्याच हातात होता.

तेव्हापासून परीक्षा बीम भरायच्या आधी. रंगीत सुताची चिमूटभर लड पांढऱ्या सुताशी वेणीसारखी गुंफायची, गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, वाळवायची. पांढऱ्यावर छटा आली की सगळं सूत परत साबणाला. इथे अर्धा दिवस जातो. विणून झाल्यावर सापडलं तर सगळाच माल जातो, आणि तेव्हा खरं बोलणं फार महाग वाटतं.

चिठ्ठी लावतो म्हणून मी कुणी थोर नाही. विणकराची मजुरी नगावर असते. सेकंड निघाली की भुर्दंड कुणाला? कच्चं सूत असेल तर तुटलेले धागे बीमभर विखुरलेले दिसतात, विणकराचं लक्ष नसेल तर एकाच पाळीत गर्दी करतात. पण मधल्या काही चादरींत दोष सुताचा की विणकराचा, काहीच कळत नाही. पूर्वी त्यांची अर्धी मजुरी कापायचो, आता कापत नाही. त्यामुळे हात सैल पडतो असं जुने जाणते म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाहीत. कापत होतो तेव्हा मात्र दोष घडीच्या आत वळवलेला सापडायचा. यावर मला उत्तर मिळालेलं नाही. चिठ्ठीवर दोष लिहितो, मागाचा नंबर अजून लिहीत नाही.