डबल बॉण्डची खोड

एक पिशवी असते ती नुसती हातात घेतली तरी चुरचुर वाजते, आणि दुसरी असते मऊ, आवाज न करणारी, बोटाला किंचित मेणचट लागणारी. दोन्ही एकाच वायूपासून बनतात म्हटलं तर पटकन खरं वाटत नाही. तो वायू म्हणजे इथीन, अल्कीनांच्या, म्हणजे कार्बनांमध्ये डबल बॉण्ड (दुहेरी बंध) असणाऱ्या संयुगांच्या, घराण्यातलं शेंडेफळ, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, संपलं. फळंसुद्धा पिकताना हाच वायू सोडतात, म्हणजे पिकायला आलेली फळं पिशवीत ठेवली की आतला वायू आणि बाहेरची पिशवी नात्यातलेच की.

या घराण्याची खोड म्हणजे तो डबल बॉण्ड. दोन कार्बनांमध्ये दोन बंध असतात खरे पण दोन्ही सारखे नसतात, एक भक्कम आणि दुसरा जरा लेचापेचा, कुणी डिवचलं की सुटतो. हिशोबच बघा ना, कार्बन-कार्बन दुहेरी बंध तोडायला साधारण 610 किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) एवढी ऊर्जा लागते आणि एकेरीला 345च्या आसपास. म्हणजे एक दुहेरी मोडून दोन एकेरी केले तर 690 होतात, फायदाच आहे, तो मधला फरकच उष्णता होऊन बाहेर पडतो. मग इथीन साखळी का करणार नाही? फक्त सुरुवात कुणीतरी करून द्यावी लागते. ती एखादा फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा रेणू, करतो, तो येऊन त्या लेच्यापेच्या बंधातला एक इलेक्ट्रॉन पळवतो, दुसऱ्या टोकाला एक एकटा पडतो, तो पुढच्या इथीनला खो देतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि हा खो-खो हजारो रेणू बसेपर्यंत चालतो.

पहिल्यांदा हे घडलं ते कुणाला करायचंच नव्हतं. 1933 साली इंग्लंडात विनिंग्टनला, आयसीआय या रसायनं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघं इथीन आणि बेंझाल्डिहाइड नावाचा एक द्रव प्रचंड दाबाखाली एकत्र तापवत होते, वेगळंच काही मिळेल म्हणून, आणि हाती आला पांढरा मेणासारखा थर, म्हणजेच इथीनच्या साखळ्यांचं पॉलिथीन. पुन्हा करायला जावं तर कधी जमे, कधी सगळं फुटायची वेळ. नंतर उलगडलं की खरी करामत इथीनमध्ये चुकून आलेल्या चिमूटभर ऑक्सिजनची, तोच रॅडिकल तयार करत होता! पुढे युद्धात हेच पॉलिथीन रडारच्या केबलींवर चढलं. पिशव्याबिशव्या फार नंतर.

त्या दाबाच्या पद्धतीत साखळी सरळ वाढत नाही, मध्येच स्वतःवर वळते आणि फांद्या फुटतात. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, म्हणून ती पिशवी मऊ. 1953 साली जर्मनीत कार्ल झीग्लरने टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा कॅटॅलिस्ट वापरून साध्या दाबाखाली सरळसोट साखळ्या मिळवल्या, त्या दाटीवाटीने बसतात, आणि चुरचुरणारी पिशवी ही अशा साखळ्यांची. पुढच्याच वर्षी इटलीत नाट्टा या रसायनशास्त्रज्ञाने तोच मार्ग प्रोपीनला, म्हणजे इथीनच्या तीन कार्बनांच्या भावंडाला, लावला, पॉलिप्रोपिलीन नीट रांगेत आलं, आणि 1963चं नोबेल दोघांना मिळून.

मऊ पिशवीची एक पट्टी कापून हळूहळू ओढून बघा, जाम मजा येते. मध्येच एक जागा बारीक होते, पांढुरकी पडते आणि तो बारीकपणा दोन्ही बाजूंना सरकत जातो. आतल्या गुंतलेल्या साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतायत, म्हणून ओढलेला भाग आधीपेक्षा चिवट लागतो. शाम्पूच्या बाटलीचं झाकण ज्या पातळ पट्टीवर उघडमीट करतं तिथेही हेच, पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या त्या पट्टीत आडव्या रांगेत बसलेल्या असतात, म्हणून हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. मला तर अख्ख्या बाटलीत ती पट्टीच सगळ्यात हुशार वाटते.

आणि आता गंमत अशी की एकदा साखळी झाली की डबल बॉण्ड जवळजवळ उरतच नाही. ब्रोमीनच्या पाण्यात इथीन सोडलं तर तांबूस रंग बघता बघता उडतो, पिशवीचा तुकडा टाकला तर रंग ढिम्म हलत नाही. ज्या खोडीमुळे हे जुळलं ती जुळताना खर्ची पडली, आता जिवाणूंना चावायला जागाच नाही. आपण प्लास्टिक कुजत नाही म्हणून बोटं मोडतो, पण कुजू नये, गंजू नये, पाण्याने फुगू नये म्हणूनच तर ते घेतलं होतं ना.

ऊन मात्र वाट काढतं. पॉलिप्रोपिलीनच्या दर दुसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन जरा सैल असतो, अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून तो उचलतात आणि साखळी तिथून तुटत जाते, म्हणून कपड्यांचे चिमटे उन्हात राहून राहून एक दिवस दाबले की कट्कन हातातच येतात. त्यांची पूड होते, पण पूड झालेलं प्लास्टिक हे प्लास्टिकच. यावर उपाय जुना आहे, शेकडा दोनेक काजळी मिसळायची, ती किरण स्वतःच गिळते, उन्हात पडून राहणारे पॉलिथीनचे पाइप काळे असतात ते उगीच नाही. चिमटे मात्र सगळे गुलाबी नाहीतर पोपटीच करतात, काळे करायला काय जातं यांचं कोण जाणे.