बाप पैसे देईना, तर जर्मनीत आधी सरकार देतं

एकट्या पालकासाठी जर्मनीत बऱ्याच योजना आहेत. त्यातली मला सगळ्यात न्याय्य वाटते ती 'उंटरहाल्ट्सफोरशुस'. वेगळा राहणारा बाप (किंवा आई) मुलाच्या खर्चाला पैसे देत नसेल, तर ते दरमहा सरकार देतं आणि त्याच्याकडून वसुली करायलाही सरकारच मागे लागतं. पूर्वी ही मदत मूल 12 वर्षांचं होईपर्यंतच, आणि तीही जास्तीत जास्त 72 महिने मिळायची. जुलै 2017पासून ती 18 वर्षांपर्यंत मिळते. 2025 मध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला 227 युरो, 6 ते 11 वयाला 299 आणि त्यापुढे 394. शिवाय सगळ्याच मुलांना मिळणारं 'किंडरगेल्ड' वेगळं, ते 2025 मध्ये 255 युरो होतं.

माझी एक मैत्रीण इथे नोकरी करते, मुलगा आठ वर्षांचा. नवरा पुण्याला परत गेला आणि हळूहळू पैसे येणं बंद झालं. तरी ती अर्ज करायला तयार नव्हती. सरकारी पैसे घेतले की व्हिसा जाईल, ही धास्ती. आपल्या लोकांत ही धास्ती फार आहे, म्हणून ठळकपणे सांगते: किंडरगेल्ड आणि उंटरहाल्ट्सफोरशुस घेतल्याने 'ही स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकत नाही' असं धरलं जात नाही. निवास कायद्याच्या दुसऱ्या कलमात दोन्ही नावानिशी वगळलेली आहेत. 'बुर्गरगेल्ड'चं, म्हणजे गरजूंना मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याचं, तसं नाही. तिथे अर्जाआधी सल्ला घ्याच.

शेवटी आम्ही दोघी फॉर्म घेऊन बसलो. बापाचा पत्ता, नोकरी, शेवटचे पैसे कधी आले, तुम्ही स्वतः काय प्रयत्न केले, असं सगळं विचारतात. तिने व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज छापून जोडले. "पुढच्या महिन्यात बघतो", पानामागून पान तेच. मधेच म्हणाली, "अगं, सासूबाईंच्या घरी जर्मन सरकारचं पत्र जाईल का?" जाऊ शकतं. माहिती लपवली तर मदत नाकारतात.

यातला एक अन्याय मला खटकतो. बाप पैसे देत असेल, तर त्याच्या रकमेतून किंडरगेल्डचा अर्धाच भाग वजा होतो. सरकार देतं तेव्हा पूर्ण. म्हणजे ज्या मुलाला बापाने वाऱ्यावर सोडलं, त्याच्याच हातात कमी पडतं. आईने दुसरं लग्न केलं तर मदतच थांबते.

तरीही आपल्याकडची परिस्थिती आठवते. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. कोर्टाचा आदेश निघाला तरी नवऱ्याने पैसे दिले नाहीत, की वसुलीसाठी बाईनेच पुन्हा अर्ज करायचा. लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटितांनाही 1500 रुपये मिळतात, हे चांगलंच आहे. पण बापाच्या जबाबदारीला ती योजना हात लावत नाही. आधी मुलाला पैसे द्यायचे आणि मग बापाला गाठायचं, हा क्रम महाराष्ट्रातही यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

जर्मनीतल्या मैत्रिणींनो, अर्ज 'युगेंडआम्ट'मध्ये, म्हणजे मुलांच्या कल्याणाचं काम बघणाऱ्या स्थानिक सरकारी ऑफिसात करायचा. बाप भारतात असला तरी चालतो. मागचे पैसे फार तर एकाच महिन्याचे मिळतात, तेव्हा वाट बघत बसू नका. बापाकडून रीतसर पैसे मागण्यासाठी तेच ऑफिस मुलाच्या वतीने उभंही राहतं, आणि त्याची फी लागत नाही.