हालारी गाढविणीची पाठवणी

चुनाभट्टीला आमची चाळ पाडून नवी इमारत होत होती तेव्हा रेती वाहायला पाच गाढवं होती. काम संपल्यावर चार गेली, पांढरी गाढवीण मागे राहिली. मागचा पाय उचलून धरायची. ठेकेदार म्हणाला, "ताई, लंगडं जनावर नेऊन काय करू?"

तक्रार द्यायला गेले. यादीत कुत्रा, मांजर, गाय, म्हैस होती, गाढव नाहीच. समोरच्या साहेबांनी हसू दाबत 'इतर'वर खूण करायला लावली. त्यापुढे काही झालं नाही.

डॉक्टर आम्हीच आणला. खुरात खडा रुतून पू झाला होता. गाढवाच्या पाठीवर 50 किलोच्या वर ओझं घालायचं नाही असा 1965 चा नियम आहे, हे त्याच्याकडून कळलं. आमच्या रेतीच्या गोणी मी कधी मोजल्या नव्हत्या.

धारावीच्या कुंभारवाड्यातल्या एका काकांना बोलावलं, मूळचे सौराष्ट्राचे. त्यांनी काळं नाकाड, काळे खूर पाहिले. "हालारी वाणाची वाटते, बेन." हालार म्हणजे जामनगर-द्वारकेचा मुलूख. तिथले मालधारी, म्हणजे भटके पशुपालक, जनावरं घेऊन निघाले की बिऱ्हाड हिच्या पाठीवर, दिवसाला 30-40 किलोमीटर. आता बरीच बिऱ्हाडं टेम्पोतून जातात, मग गाढवं पाळणार कोण? त्यात गाढवीण वर्षभर गाभण राहते, शिंगरू बहुधा एकच, आणि भलताच नर लागला की वाण मोडला. देशात 2012 साली 3.2 लाख गाढवं होती, 2019 च्या पशुगणनेत सव्वा लाखाच्या आसपास उरली. हालारी त्यातली मूठभर. डॉक्टर मात्र म्हणाला, नुसत्या रंगावरून जात ठरत नाही.

काकांच्या ओळखीच्या एका मालधाऱ्याने तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं. ठेकेदाराकडून 'जनावर दिलं' अशी चिठ्ठी घेतली (दोन आठवडे फोन!), ग्लँडर्स या घोड्या-गाढवांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासलं, प्रवासाचा दाखला झाला.

टेम्पो आला तर बाई फळीवर पाय ठेवीना. गूळ दाखवला, मागून ढकललं, सगळी चाळ जमली. काकांनी कोपऱ्यातलं रिकामं गोणपाट घडी करून तिच्या पाठीवर टाकलं. कान मागे गेले, आणि ती आपसूक वर चढली.