कार्बनवर उरलेली यादी

आमच्या मालिकेचा नवा सीझन 1962 सालात घडतो. विमा कंपनीचं ऑफिस तेच, माणसं तीच, फक्त काही वर्षांनी थोराड झालेली. मी कला विभागात प्रॉपर्टीचं काम बघतो. टाचणीपासून टाइपरायटरपर्यंत कॅमेऱ्यासमोर येणारी प्रत्येक वस्तू त्या सालात शोभते ना, हे बघायची जबाबदारी माझी.

साल बदललं की यादी बदलते. आयबीएमचा सिलेक्ट्रिक, तो अक्षरांचा गोळा फिरणारा विजेवरचा टाइपरायटर, जुलै 1961मध्ये बाजारात आला. ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये तो 1960 सालच्या ऑफिसात दिसतो आणि जाणकारांनी ती चूक बरोबर पकडली होती. आमच्याकडे साल जुळत होतं, तरी मी साहेबांच्या केबिनबाहेर एकच ठेवला. बाकी सगळी हाताची जुनी मशीन. झेरॉक्सचं 914 मॉडेलही तेव्हा आलेलं होतं. पण जवळपास तीनशे किलोचं ते धूड आमची काटकसरी कंपनी घेणार नाही, यावर मी अडून बसलो. झेरॉक्स नाही म्हणजे प्रती काढायला कागदांमध्ये घालायचा शाईचा कार्बन पेपर आला.

त्या दिवशीचा प्रसंग कपातीचा होता. कामावरून काढायच्या लोकांची यादी गुपचूप टाइप होते आणि दुसऱ्या टायपिस्टला ती कळते. स्क्रिप्टप्रमाणे ती साहेबांचा ड्रॉवर उघडून वाचते. अभिनेत्रींचा हात बसावा म्हणून आम्ही एका निवृत्त स्टेनोबाईंना बोलावलं होतं.

बाईंनी आधी बोटांकडेच पाहिलं. “अगं, कळा अशा गोंजारू नकोस. बोट वरून पडू दे. शेवटच्या प्रतीवर अक्षर उठायला हवं ना!” मग त्यांनी कागद, कार्बन, कागद, कार्बन असा गठ्ठा रचला, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि एका झटक्यात रोलरवर चढवला. एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रतीच्या मागे चिठ्ठी सरकवून एकेक प्रत खोडायची, हेही करून दाखवलं. तेवढ्या वेळात सेटवर कुणी बोललं नाही. मी या वस्तू इतकी वर्षं गोळा करतोय, पण त्या अशा चालताना पहिल्यांदाच पाहिल्या.

तालीम संपल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “साहेबांच्या ड्रॉवरला कुलूप असायचं हो. ती कार्बन बघेल.”

मला उलगडा होईना. तेव्हा त्यांनी नवाकोरा कार्बन मागून घेतला, चार नावं टाइप केली आणि कार्बन काढून दिव्यासमोर धरला. गडद निळ्यात चारही नावं लख्ख, उजेड आरपार येत होता. शाईच्या बाजूने बघितलं तर उलटी, मागून धरलं तर सुलटी. “गोपनीय पत्राला नवा कार्बन घे, असं साहेबच सांगायचे. प्रत स्वच्छ हवी असायची त्यांना. पण एकदाच वापरलेला कार्बन सगळं सांगतो. शहाणी मुलगी तो फाडून टाकायची. घाईत असली की टोपलीत.”

मी तो कार्बन घेऊन थेट दिग्दर्शकाकडे गेलो. त्याने तो दिव्यासमोर धरला, नावं वाचली आणि लेखकाला हाक मारली. ड्रॉवर गेला, टोपली आली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ड्रॉवर कुणीही उघडेल. टोपलीतला नेमका कार्बन उचलायला टायपिस्टच लागते. रोज ज्या कामात तिला कुणी हिशेबात धरत नाही, त्याच कामाचं ज्ञान इथे तिच्या उपयोगी पडतं.

पुढे दिवसभर माझी धावपळ झाली. वापरलेल्या कार्बनवर दुसऱ्यांदा टाइप केलं की अक्षरांवर अक्षरं चढून नुसता गिचमिड काला होतो, म्हणजे दर टेकला कोरा कार्बन हवा. आणलेला डबा दुपारीच संपला आणि माणूस आणखी आणायला पिटाळला. बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या. निघताना लेखकाने पुढच्या भागांचा मसुदा त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तिथेच पर्समधून पेन्सिल काढली.