‘80 टक्के’ कशाचे? आयईपीचा माझा अनुभव

आयईपी म्हणजे शिकताना अडणाऱ्या एका मुलासाठी शाळेने आखलेली शिक्षण योजना. अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, मुलासाठी अशी मदत मागायची असेल तर लेखी मागा. तोंडी बोलण्याची कुठे नोंद राहत नाही. माझा मुलगा दुसरीत असताना मी त्याच्या बाईंशी बरेच महिने नुसती बोलत होते. त्या प्रेमळ होत्या, पण उत्तर एकच, "घरी दोन भाषा आहेत ना, मग वाचायला उशीर होतो. थोडं थांबू या." इकडे सासूबाईही फोनवर म्हणायच्या, "अगं, त्याचा बाबाही उशिराच वाचायला लागला."

मला ते पटत नव्हतं. पोरगा तोंडी गोष्ट रंगवून सांगायचा, गणितात पुढे होता. पुस्तक समोर आलं की मात्र पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने म्हणायचा, आणि दोन ओळींनंतर पोट दुखतंय म्हणून उठून जायचा.

शेवटी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, स्पेशल एज्युकेशन विभागाला ई-मेल केला: माझ्या मुलाचं मूल्यमापन करावं, डिस्लेक्सियाची (हुशार असूनही वाचताना अडण्याची) शंका आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे लेखी विनंती पोचली की 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते. पालकांनी संमतीवर सही केली की 90 दिवसांत चाचण्या, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर आयईपी सुरू व्हावी लागते. "आधी वर्गातच जादा मदत देऊन बघू" असं सांगून मूल्यमापन लांबवता येत नाही, हे केंद्राच्या शिक्षण विभागाने 2011 मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं आहे. हे वाक्य मी बैठकीत शांतपणे सांगितलं आणि त्यानंतर थांबण्याचा विषय निघाला नाही.

दोन भाषांचा मुद्दा मात्र मला खोडून काढायचाच होता, कारण त्यावरून घरात मराठी बंद करायचा सल्ला मिळत होता. मूल्यमापन मुलाच्या स्वतःच्या भाषेचा विचार करून व्हावं, असं आयडिया हा केंद्रीय कायदा सांगतो, आणि बैठक पालकांना नीट समजावी म्हणून गरज पडल्यास दुभाषी देण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर टाकतो. आम्हाला आधी हिंदीचा दुभाषी देऊ केला. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि मराठीच मागितला. फोनवरून एक बाई मिळाल्या. त्यांच्या मदतीने स्पीच थेरपिस्टने मुलाला विचारलं, "‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "कम?" असेच आणखी शब्द झाले, आणि बहुतेक ठिकाणी तो अडला. शब्दातले आवाज सुटे करणं त्याला मराठीतही जमत नव्हतं. अडचण इंग्रजीची नव्हती, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. मराठी आमच्या घरात राहिली.

मूल पात्र ठरलं, रिसोर्स रूममध्ये, म्हणजे जादा मदतीच्या छोट्या वर्गात, रोज तास मिळाला, आणि नातेवाइकांना वाटलं काम झालं. खरं काम तिथून सुरू झालं. आयईपीच्या मसुद्यात एक उद्दिष्ट होतं: विद्यार्थी 80 टक्के अचूकतेने वाचनाचा प्रवाहीपणा सुधारेल. मी विचारलं, 80 टक्के कशाचे? कुठला उतारा, कुठल्या इयत्तेचा, कोण मोजणार, किती वेळा? केस मॅनेजरने, म्हणजे मुलाची आयईपी सांभाळणाऱ्या शाळेच्या बाईंनी, कागद परत वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "हे असंच लिहिलं जातं."

असंच लिहिलं जातं म्हणूनच मुलं वर्षानुवर्षं त्याच उद्दिष्टांवर बसून राहतात. कोलोरॅडोतल्या डग्लस काउंटीत एंड्रू नावाच्या ऑटिस्टिक मुलाच्या आयईपीत हेच होत होतं. त्याचे आईवडील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 2017 मध्ये एकमताने निकाल आला: नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी, पुरेशी महत्त्वाकांक्षी योजना द्यावी लागेल. मी त्या निकालाची प्रत बरोबर नेली होती. दाखवायची गरज पडली नाही.

आम्ही सगळ्यांनी बसून उद्दिष्ट नव्याने लिहिलं. तिसरीच्या सुरुवातीला साधारण मूल न पाहिलेला उतारा मिनिटाला 83 शब्द बरोबर वाचतं. माझा मुलगा 38 वाचत होता. वर्षाअखेर मिनिटाला 80 शब्द, तिसरीच्या पातळीचा नवा उतारा, दर दोन आठवड्यांनी मोजणी, आणि आकडे घरी येणार. शिकवायची पद्धतही लिहून घेतली: आवाज आणि अक्षरं टप्प्याटप्प्याने बांधणारी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत, आणि त्यात प्रशिक्षण झालेली शिक्षिका. शेवटच्या चार शब्दांवर बैठक सर्वांत जास्त रेंगाळली. हिवाळ्यात आलेख सपाट झाला तेव्हा वर्षअखेरीची वाट न बघता आम्ही पुन्हा बैठक मागितली. गट पाच मुलांचा होता, तो तिघांचा झाला. आलेख पुन्हा चढायला लागला. वर्षअखेर तो 74 वर होता. उद्दिष्ट थोडक्यात हुकलं, आणि वयाच्या मानाने तो अजून मागे आहे. पण आता तो पाटीवरचे शब्द अंदाजाने म्हणत नाही, फोडून वाचतो.

हे आकडे मला मिळाले ते मी मागितले म्हणून. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला, इंग्रजी न येणाऱ्या बापाला ते मिळत नाहीत, आणि हे मला फार लागतं. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशनसाठी पालकांचा सल्लागार गट असावाच लागतो. आमच्याकडच्या गटाच्या सभेला जेमतेम चारपाच माणसं असायची. आम्ही काही देशी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या आया मिळून जायला लागलो. पैसे नाहीत, हे तिथे ऐकायला मिळतं आणि ते खोटं नाही. आयडियाच्या 1975 च्या मूळ कायद्यात केंद्राने प्रतिविद्यार्थी सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचं ठरलं होतं, तेवढा कधीच आलेला नाही. पण उद्दिष्ट मोजता येईल असं लिहायला फार पैसा लागत नाही. आमच्या आग्रहावरून केस मॅनेजरांचं त्यासाठी प्रशिक्षण झालं, आणि प्रगतीचा आलेख आता मागितला नाही तरी रिपोर्ट कार्डासोबत प्रत्येक आयईपीवाल्या मुलाच्या घरी जातो.

पुढच्या सभेत आम्ही शाळावार, मुलांची नावं न घेता, किती उद्दिष्टं पूर्ण झाली आणि किती तशीच पुढच्या वर्षात गेली याचा तक्ता मागणार आहोत. तुमचं मूल आमच्यासारख्याच रांगेत असेल तर तुमच्या डिस्ट्रिक्टच्या गटात हीच मागणी लावून धरा, आणि मराठी दुभाषी हवा असेल तर बैठकीची तारीख ठरतानाच ई-मेलमध्ये लिहून टाका.