वाटेतला काटा आणि सायकलची बेल

१९९३ साली बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्शी’ ही कलकत्त्यातल्या एका गुप्तहेराची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा मी नववीत होतो. आमच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून बेळगावच्या वडगावातल्या एका मित्राच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमायचो. त्या घराच्या पुढच्या भागात यंत्रमाग होते आणि ते चालू असताना टीव्हीतले एक वाक्यही धड ऐकू येत नसे. त्यामुळे त्या अर्ध्या-पाऊण तासापुरते टीव्हीच्या खोलीलगतचे दोन माग बंद ठेवावेत, अशी विनंती आम्ही मित्राच्या वडिलांना दर आठवड्याला करायचो. चालता माग थांबवणे विणकराच्या किती जिवावर येते, हे मागाच्या घरात राहिलेल्यालाच कळेल. काका मात्र कुरकुर न करता माग थांबवायचे आणि हात पुसत आमच्या मागे येऊन उभे राहायचे.

मालिकेचा दुसरा भाग ‘रास्ते का काँटा’ हा होता. कलकत्त्याच्या रस्त्यावर भरदिवसा माणसे कोसळून मरतात आणि त्यांच्या हृदयात सापडते ती ग्रामोफोनची पिन. बंदुकीचा आवाज कोणी ऐकलेला नाही, मारेकरी कोणी पाहिलेला नाही. दुसरीकडे वर्तमानपत्रात एक विचित्र जाहिरात येत राहते, की कोणाला आपल्या वाटेतला काटा दूर करायचा असेल तर त्याने ठरल्या वेळी अमुक दिव्याच्या खांबाला हात टेकवून उभे राहावे. ब्योमकेश या दोन गोष्टींची सांगड घालतो आणि आपला सोबती अजित याला त्या खांबापाशी उभा करतो. गोष्ट इथवर आली, पुढे ब्योमकेश आणि मारेकरी समोरासमोर येणार, आणि नेमकी वीज गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. मेणबत्ती लावून आम्ही बसून राहिलो, पण वीज परत आली तेव्हा बातम्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याने शेवट पाहिला असेल अशा मुलाचा शोध सुरू झाला. आमच्याच टोळीतला एक जण त्या आठवड्यात शहापुरात मामाकडे गेला होता आणि तिथली वीज गेली नव्हती. त्याच्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्याने सांगितले, की खुनी सायकलवरून येतो आणि पिन सायकलच्या बेलमधून सुटते. आम्ही त्याला वेड्यात काढले. पोराला सायकलीवाचून दुसरे काही सुचत नाही, मूळ शेवट विसरून हा दुकानातली गोष्ट सांगतो आहे, असे सर्वानुमते ठरले. तो बिचारा हातवारे करून बेलचा खटका दाखवत राहिला आणि आम्ही हसत राहिलो. पुढे कित्येक वर्षे ‘बेलमधून सुटली’ हा आमच्यात थापेसाठी वापरायचा वाक्प्रचार होता.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा जमू लागलो. घर तेच, खोली तीच. माग आता थोडेच उरले आहेत आणि ते मित्राचा धाकटा भाऊ चालवतो. शनिवारी रात्री जेवणे उरकून यायचे, एक भाग पाहायचा आणि त्यावर बोलायचे, असा परिपाठ ठरला. आमच्यात शेजारचे एक निवृत्त शिक्षकही येऊ लागले. ते कन्नड माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांना आम्ही ‘सर’ म्हणतो, आणि ते आमच्याशी मराठीत बोलताना वाक्याच्या शेवटी हमखास एक ‘की’ ठेवून देतात. त्यांनीच नियम घातला, की उलगडा होण्याच्या आधी चित्र थांबवायचे, प्रत्येकाने आपला संशयित कारणासह सांगायचा आणि मगच पुढे जायचे. ज्याला शेवट माहीत असेल त्याने तोंड मिटून चहा करायचा.

पहिल्याच भागात या नियमाची मजा आली. ‘सत्यान्वेषी’मध्ये ब्योमकेश अतुलचंद्र मित्र असे खोटे नाव घेऊन एका मेसमध्ये राहायला येतो आणि तिथे अजित त्याचा खोलीसोबती होतो. मेसचा मालक अनुकूलबाबू हा गोरगरिबांना होमिओपॅथीची औषधे देणारा सज्जन डॉक्टर आहे. आमच्यातल्या एकाचाही संशय त्याच्यावर गेला नाही. सरांचे म्हणणे पडले, की एवढा गोड बोलणारा माणूस कोकेन विकत असेल असे मनात आणायलाही आपल्याला लाज वाटते, आणि लेखक त्या लाजेवरच डाव खेळतो. मला हे पटले. रजित कपूरचा ब्योमकेशही याच कारणामुळे आवडतो. तो कोणावर आवाज चढवत नाही, समोरच्याला बोलू देतो, अजितने भलताच तर्क लढवला तर किंचित हसतो. ‘करमचंद’ या आधीच्या गुप्तहेर मालिकेतला पंकज कपूर गाजरे खात आपल्या हुशारीची जाहिरात करायचा, तेही आम्हाला आवडायचे, पण त्यात समोरच्या साक्षीदारापेक्षा गुप्तहेराकडेच बघत बसावे लागे. ब्योमकेशला तर ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्दच नकोसा वाटतो. त्याच्या दारावर नावापुढे ‘सत्यान्वेषी’ असे लिहिलेले असते.

मग आला तो दुसरा भाग. सायकलवाला मित्र आज स्वतःचे दुकान चालवतो. नियमाप्रमाणे त्याला चहा करायला पाठवायला हवे होते, पण त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायची परवानगी मागून घेतली. आशुतोषबाबू ब्योमकेशकडे येतात तो प्रसंग सुरू झाला. हा गृहस्थ वाचलेला आहे, कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळात रुतली. ब्योमकेश त्याला विचारतो, की त्या क्षणी काही आवाज ऐकला होता का. तो आठवून आठवून सांगतो, की सायकलची घंटी वाजल्यासारखे वाटले. हे ऐकताच आम्ही चौघे एकदम दाराकडे वळलो. मित्र काही बोलला नाही. त्याने फक्त हातातला चमचा अंगठ्याने बेल वाजवल्यासारखा दाबला.

त्यानंतर आम्ही बराच वेळ भाग पुढे नेलाच नाही. प्रश्न असा होता, की १९९३ साली हाच प्रसंग आम्ही वीज जाण्याच्या आधी पाहिला होता. घंटीचा उल्लेख आमच्या कानांवर पडलेला होता. मग दुसऱ्या दिवशी मित्र तेच सांगत असताना एकालाही ते का आठवू नये? माझे उत्तर असे आहे, की तेव्हा खिडकीबाहेर दिवसभर बेलच वाजत असायच्या. पहाटे दूधवाला, मग पेपरवाला, मग शाळेची मुले, संध्याकाळी कारखान्यातून सुटलेले कामगार, सगळा रस्ता सायकलींचा होता. ‘घंटी वाजली’ हे वाक्य ‘रस्ता होता’ याहून अधिक काही सांगत नव्हते. मूळ कथा १९३२ सालची, तेव्हाच्या कलकत्त्यातही हेच असणार, आणि मारेकऱ्याला पिनेचा आवाज लपवायला म्हणूनच त्याहून चांगली जागा नव्हती. आज आमच्या रस्त्यावर बेल क्वचितच ऐकू येते, त्यामुळे ती उच्चारताक्षणी खटकते. म्हणजे कथेतला पुरावा नव्वद वर्षांत आपोआप सोपा होऊन बसला आहे. घरमालक मित्र म्हणाला, “मागाचं पण तसंच की रे. आम्हाला माग चालू असला की झोप लागते, बंद पडला की जाग येते.”

उरलेला भाग पाहिला. ब्योमकेशने छातीवर चिनी मातीची बशी बांधलेली असते, पिन तिच्यावर आदळते, आणि पकडला गेलेला मारेकरी विषारी पान तोंडात टाकून सुटतो. सरांनी मध्येच सांगितले, की काट्याने काटा काढण्याची म्हण कन्नडमध्येही तशीच आहे, ‘मुळ्ळन्नु मुळ्ळिनिंदले तेगेयबेकु’. आणि बंगालीतही ‘पथेर काँटा’ म्हणजे वाटेतलाच काटा.

त्यावरून लेखकाचा विषय निघाला आणि सीमाभागाच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या मालकीचा वादही लागला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. १९३८ साली ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले. मधली सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ब्योमकेश बाजूला ठेवला होता. पुन्हा हाती घेतल्यावरच्या बऱ्याचशा कथा पुण्यातल्या मुक्कामातल्या आहेत. शिवाय शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या एका मुलाच्या गोष्टीही त्यांनी लिहिल्या, आणि मालिकेत ब्योमकेशची बायको सत्यवती झाल्या त्या सुकन्या कुलकर्णी. तेव्हा ब्योमकेश आमचाच, असे मी जाहीर केले. सरांनी शांतपणे चहा संपवला आणि शरदिंदूंचीच विजयनगरच्या साम्राज्यावरची, तुंगभद्रेकाठची कादंबरी पुढे केली, जिला रवींद्र पुरस्कार मिळाला होता. “हंपी कुठं आहे हो? आमच्यातच की,” असे म्हणून त्यांनी खटला निकाली काढला. पुढच्या शनिवारच्या भागाचे नाव ‘सीमांत हीरा’ आहे हे कळल्यावर तर हसून पुरेवाट झाली.

निघता निघता सायकलवाल्याने पिशवीतून एक जुनी बेल काढून टेबलावर ठेवली. हा सगळी तयारी करूनच आला होता. त्याने वरची वाटी फिरवून काढली आणि आतला संसार दाखवला: अंगठ्याने दाबायचा खटका, त्याचे दाते, त्यांत अडकलेले लहान चाक, चाकाबरोबर फिरून वाटीवर आपटणाऱ्या दोन सैल चकत्या आणि खटका जागेवर आणणारी बारीक स्प्रिंग. सरांकडे वडिलांच्या ग्रामोफोनच्या पिनांची पत्र्याची डबी आहे. घर चार पावलांवर असल्यामुळे तीही आली. तव्याची, म्हणजे तबकडीची, एक बाजू वाजली की पिन बदलायची अशी तेव्हाची रीत असल्यामुळे घरोघरी अशा डब्या असत, आणि म्हणूनच पिनेवरून खुन्याचा माग लागत नाही. पिन जेमतेम दीड सेंटिमीटरची निघाली. ती वाटीच्या आत आडवी सहज मावली. मात्र मित्राने प्रामाणिकपणे सांगितले, की या स्प्रिंगने पिन कोटातून काय, बनियनमधूनही जाणार नाही. आतले सगळे काढून दाबून बसवलेली जाड स्प्रिंग आणि एक सरळ नळी बसवावी लागेल, आणि मग बेल वाजायची कशी, याचा विचार तो गेली तीस वर्षे करतो आहे.

आम्ही त्याची रीतसर माफी मागितली. त्याने ती स्वीकारली, पण बेल परत जोडताना एक चकती टेबलाखाली कुठेतरी घरंगळली आणि शोधूनही मिळाली नाही. तेवढ्यात पुढच्या खोलीतला माग थांबला. आमच्यातल्या कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. घरमालक मित्र तेवढा दचकून उठला आणि धागा तुटला का ते पाहायला आत गेला.