मामाचा कॅमेरा आणि त्याने चिकटवलेली पट्टी

शनिवार, रात्री

मामीने कॅमेरा दिला तेव्हापासून तो कपाटात वरच्या फळीवर पडून होता, तपकिरी चामडी केससकट, आणि दर वेळी कपाट उघडलं की मी म्हणायचे रविवारी बघू आणि तो रविवार काही उजाडायचा नाही. आज शनिवारीच उरकलं. आग्फा आयसोलेट २ आहे, घडीचा कॅमेरा, पन्नासच्या दशकातलं मॉडेल. बटण दाबलं की पुढचं झाकण खाली येतं आणि लेन्स आपल्यामागे काळा भाता ओढत बाहेर येऊन खटकन बसते. हा भाग अजून एकदम टकाटक आहे, दोन-चार वेळा उगाचच उघडबंद करून घेतला.

पण मग फोकसची रिंग फिरवून बघितली तर ती ढिम्म हलेना. नेटवर शोधलं तर कळलं की या जुन्या आग्फांचा हा प्रसिद्धच रोग आहे, फॅक्टरीत आट्यांना लावलेलं हिरवं ग्रीस वर्षानुवर्षांनी सुकून डिंकासारखं घट्ट होतं आणि पुढची काच तिच्या मागच्या काचेला जाम चिकटते. त्यातही जोर लावून फिरवलं तर अजून वाईट, कारण मग दोन्ही काचा एकत्रच फिरतात, म्हणजे आपल्याला वाटतं फोकस होतोय आणि प्रत्यक्षात लेन्सचा अर्धा संसार शटरमधून बाहेर पडत असतो. म्हणून हात आवरला.

शटर चालतंय, पण वरच्या स्पीडलाच. एक सेकंदावर ठेवलं तर पाती उघडतात आणि तशीच आ वासून राहतात. सेल्फ टायमरच्या खटक्याला हातच लावला नाही, जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकला की अख्खं शटर बसतं असं ज्याने त्याने लिहून ठेवलंय.

सगळ्यात शेवटी बाथरूममध्ये दिवा बंद करून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च आत सोडला. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत बारीक बारीक चांदण्या, म्हणजे छिद्रांतून गळणारा उजेड. हाही आग्फाचा नेहमीचाच आजार, त्यांनी वापरलेलं ते कृत्रिम कापड कोपऱ्यांवर लवकर फाटतं.

आणि तेव्हाच दिसलं की दोन कोपऱ्यांवर चांदण्या नाहीतच, तिथे बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा काळ्या कापडी पट्ट्या चिकटवल्यात, वरून काळा रंग फासलाय, आणि रंगात ब्रशचे केस ओढल्याच्या रेषा अजून दिसतात. एकीची कड उचकटायला लागलीय. हे फॅक्टरीचं काम नक्कीच नाही. हे मामाचं आहे. रेडिओ, पंखा, चष्म्याची दांडी, सगळं तो असंच करायचा, दिसायला ओबडधोबड पण टिकायचं.

रविवार

दादाला फोन केला. तो म्हणाला, अगं शोकेसमध्ये ठेव ना, मामाची आठवण आहे, उगाच स्क्रू खोलून वाट लावशील. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण मला शोकेसमधल्या वस्तूंचा कंटाळा आहे, सुरुवातीला पुसतो आपण, मग फक्त दिवाळीला पुसतो, मग त्या दिसायच्याच बंद होतात.

दुसरीकडे दुरुस्तीवाल्याशी बोलले, माणूस जाणकार वाटला. तो म्हणाला लेन्स मोकळी करू, शटर साफ करू, नवा भाता बसवू, घासलेल्या कडांना काळा रंग मारू, चामडं बदलू, अगदी नवाकोरा दिसेल. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कडांवरचा रंग जिथे गेलाय तिथेच मामाची बोटं असायची, तो मुद्दाम रंगवून घ्यायचा म्हणजे काय? आणि नवा भाता म्हणजे त्या दोन पट्ट्या कचऱ्यात.

मग संध्याकाळी आईकडचे जुने अल्बम काढले, आणि इथे मजा झाली. चौकोनी फोटो, ६ बाय ६ सेंटीमीटरच्या निगेटिव्हचे. एका अल्बमच्या मधल्या पानांपासून फोटोंत त्याच त्याच जागी एक पांढरट डाग यायला लागतो, आधी अंधुक, मग चांगला ठसठशीत, आईच्या खांद्यावर, कुणाच्या सायकलवर, एकदा तर थेट आजोबांच्या तोंडावर. लहानपणापासून आम्ही समजायचो की फोटो धुणाऱ्याने घाण केलीय. आता कळतंय की भात्याच्या छिद्रातून आलेला उजेड फिल्मवर पडला की निगेटिव्हवर काळं आणि फोटोत पांढरं उमटतं. आणि पुढे एका पानानंतर डाग एकदम गायब! म्हणजे त्या पानाच्या आसपास कधीतरी मामाने बसून पट्ट्या चिकटवल्या. फोटोमागे तारखा नाहीत, नाहीतर दुरुस्तीची तारीखसुद्धा सांगता आली असती.

मी ते पान दादाला फोटो काढून पाठवलं. त्याचा रिप्लाय: आजोबांचं तोंड बघून हसतोय.

मंगळवार

चार दिवस डोक्यात हेच चाललंय, ऑफिसात मीटिंगमध्ये पण. सगळं करायचं किंवा काहीच नाही अशी ही भानगड नाहीये हे मला उशिरा लक्षात आलं. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक बिघाडाचा वेगळा विचार करता येतो आणि माझा प्रश्न सोपा आहे: हे काम केल्यावर मामाचं काही पुसलं जाणार आहे का?

ग्रीस? ग्रीस मामाचं नाही, फॅक्टरीचं आहे, ते गेलं तर मला काडीचं दुःख नाही. शटरमधली घाण तशीच. ते साफ करायला लायटरमधलं नॅफ्था वापरतात, तेल अजिबात नाही. आपल्याकडे काही अडकलं की तेल सोडायची खोड असते आणि इथे नेमकं तेच घातक, पात्यांवर तेल गेलं की ती एकमेकांना चिकटून बसतात. लेन्सच्या रिंगवर तीन इवलेसे स्क्रू असतात, ते सैल केले की रिंग निघते, मग आट्यांत सॉल्व्हंट सोडून धीराने वाट बघायची. काच सुटते त्या क्षणी ती कुठल्या कोनात होती याची खूण करून ठेवायची, नाहीतर परत लावताना आटा चुकतो. आणि शेवटी फोकस नव्याने जुळवायचा: फिल्म जिथे सपाट बसते तिथे धुरकट चिकटपट्टी लावायची, शटर ‘बी’वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं धरायचं, आणि लांबची एखादी वस्तू त्या पट्टीवर भिंगातून बघत काच फिरवत राहायचं, ती लख्ख दिसली की इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस, जुळला. हे वाचून मला जे स्फुरण चढलंय ते बघता हे काम माझ्या हातात देणं धोक्याचं आहे असं दादा म्हणेल. म्हणून लेन्स आणि शटर दुरुस्तीवाल्याकडे, ठरलं. मी फक्त शेजारी बसून बघणार, त्याला चालणार असेल तर.

कडांचा रंग, चामडं, याला कुणी हात लावायचा नाही.

राहिला भाता. खरी गोची तिथेच. नवा भाता घातला तर कॅमेरा निर्धास्त वापरता येईल यात वादच नाही, आणि एखादा शहाणा माणूस तेच करेल. पण जुना एकदा कापून काढला की तो परत बसत नाही, आणि मामाने ज्याच्यासाठी एक अख्खी दुपार घालवली असेल ती गोष्ट डबीत ठेवून मी काय करू. नवीन छिद्रांवर मीही तशाच पट्ट्या लावल्या तर? टिकाऊ नाही, माहितीये. पण पातळ ठेवल्या तर घडी बसते, त्याच्या पट्ट्या बसतायत की इतकी वर्षं. शिवाय फोटो काढेपर्यंत भाता मिटूनच ठेवायचा, उघडला की पटकन काढून परत बंद, म्हणजे गळून गळून उजेड तरी किती गळेल.

फिल्मची चिंता नाही हे एक बरं. हा कॅमेरा १२० फिल्म घेतो, कोडॅकने १९०१ मध्ये काढलेली ही साइझ आजही बनते. याच्याच जवळपास मापाची ६२० फिल्म १९९५ मध्ये बंद झाली, तिचे कॅमेरे ज्यांच्या वाट्याला आले त्यांना १२०ची फिल्म अंधारात ६२०च्या रिळावर गुंडाळून घेत बसावं लागतं. मला ते जमलं नसतं. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो, तेवढे पुरेत.

केसच्या आतल्या कप्प्यात एक कागद सापडला हे लिहायचं राहिलंच. मामाच्या अक्षरात: ऊन – १००, ११. ढग – ५०, ८. सावली – ५०, ५.६. घरात – नको. बस, एवढंच. पहिला आकडा शटरचा वेग, १०० म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, दुसरा लेन्सच्या छिद्राचा, तो जितका लहान तितका उजेड जास्त. पुस्तकी हिशोबाने १०० स्पीडच्या (उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या) फिल्मला कडक उन्हात याच शटरला १६ ठेवतात, मामाने ११ लिहिलंय, म्हणजे दुप्पट उजेड. फिल्म हळू असेल किंवा त्याला अनुभवाने कळलं असेल की निगेटिव्हला उजेड थोडा जास्त चालतो, कमी पडलेला चालत नाही. मी १०० स्पीडचीच घेणार आहे आणि कागदावर आहे तेच लावणार आहे.

मामीला सांगितलं. ती म्हणाली, कर बाई काय ते, तो असता तर स्वतःच खोलून बसला असता, तुला हातसुद्धा लावू दिला नसता.

दादाला पण मेसेज टाकला, सगळा प्लॅन सविस्तर, पट्ट्यांसकट. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: बिघडला तर मला सांगू नकोस. बरं, नाही सांगणार.